बाटली उलटी करून वाचा

पत्र: मी डोंबिवलीची. मे महिन्यात ह्यांना साठ पूर्ण होतात. सकाळी साठीची शांत, संध्याकाळी घरीच जवळची चौदा माणसं. मुलगा रॉटरडॅमहून येतोय. त्याने यादी पाठवली आहे: इंडियन सिंगल माल्ट, क्राफ्ट जिन, हुर्राक, अगावे, मोहाची दारू, ऑरेंज वाईन. म्हणतो, "आई, आता हेच चालतं." हे म्हणतात, ओल्ड मंक असली की झालं. दोन जावा कानात सांगून गेल्या, की थोडीशी वाईन चालेल. मी स्वतः घेत नाही, पण पाहुण्यांसमोर हसं व्हायला नको. दुकानात गेले तर काउंटरवरच्या पोराने सगळ्यात महाग तीन बाटल्या पुढे ठेवल्या. ह्यांना साखर आहे. जेवण घरचं: कोंबडी-वडे, तळलेली सुरमई, शाकाहारींना काळ्या वाटाण्याचं सांबारं. काय आणू आणि किती आणू?

ताई, नमस्कार.

यादी वाचून आधी हसू आलं, मग तुमच्या मुलाचं कौतुक वाटलं. पूर्वी परदेशातून येणारा मुलगा विमानतळावरून स्कॉच आणायचा आणि आपण ती रिकामी झाल्यावरसुद्धा शोकेसमध्ये ठेवायचो, नाहीतर मनीप्लांट लावायचो. आता तोच मुलगा तिकडून फोन करून सांगतो, की इकडची घ्या. हा बदल खरा आहे, आणि बराचसा रास्तही आहे. फक्त त्या यादीतल्या सहा गोष्टी एका रांगेत बसणाऱ्या नाहीत. काही तुमच्या संध्याकाळी शोभतील, काही डोंबिवलीत आणताच येणार नाहीत.

मी अठरा वर्षं हॉटेलांच्या बारसाठी खरेदी केली. त्या काळात एकच सवय लागली. कंपनीचा माणूस नवी बाटली घेऊन आला की तो समोरचं लेबल दाखवायचा, मी बाटली फिरवून मागचं वाचायचो. कशापासून काढली, कुठे काढली आणि वर्ष लिहिलंय का. मोर, हत्ती, राजवाडा, सोनेरी शिक्का हे सगळं पुढच्या बाजूला असतं. मागच्या बारीक अक्षरात खोटं लिहायला कायद्याची आडकाठी असते. तुम्ही घेत नाही हे इथे उलट बरं. चवीचा पूर्वग्रह नाही, तुम्ही नुसतं वाचायचं.

व्हिस्कीपासून सुरुवात करा, कारण तुमच्याकडचे पुरुष पाहुणे तिच्यापासूनच करणार. आपल्याकडे व्हिस्की म्हणून जी सर्रास विकली जाते, तिच्यातला बराच भाग धान्याचा नसतोच. साखर कारखान्यातली मळी, तिच्यापासून काढलेलं बिनवासाचं स्पिरिट, त्यात थोडं माल्ट, कधी थोडी स्कॉच. युरोपात व्हिस्की म्हणायचं तर ती धान्याचीच लागते आणि निदान तीन वर्षं लाकडी पिंपात मुरलेली लागते, म्हणून ह्या बाटल्यांना तिकडे ते नाव लावता येत नाही. मागच्या लेबलवर 'एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल' किंवा 'न्यूट्रल स्पिरिट' दिसलं, की तुम्ही बहुतेक त्या जातीची बाटली धरली आहे. ती विष नव्हे. पण पुढच्या बाजूला राजवाडा आहे म्हणून तिला राजवाड्याचे पैसे देऊ नका.

सिंगल माल्ट म्हणजे नुसत्या बार्लीच्या माल्टची, एकाच डिस्टिलरीत काढलेली. बंगळुरूच्या अमृतने आपली सिंगल माल्ट 2004 मध्ये थेट ग्लासगोत नेऊन बाजारात आणली. त्यांच्या अंगणात जाऊन त्यांनाच पाजायची, हे धाडसच होतं. मग 2012 मध्ये गोव्यातली पॉल जॉन आली, पुढे उत्तर प्रदेशातली रामपूर, हरियाणातली इंद्री. तुमच्या घरी ह्यांतली कुठलीही एक चालेल. फार धूर नको असेल तर पॉल जॉनची ब्रिलियन्स किंवा साधी अमृत घ्या. 'पीटेड' लिहिलेली घेऊ नका. तिला धुराचा आणि औषधाच्या बाटलीसारखा वास येतो, आणि पहिल्यांदा घेणारा माणूस ग्लास हळूच कुंडीत ओततो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

इथे तुमचे कोणीतरी मेहुणे हमखास विचारणार, "किती वर्षांची?" बहुतेक देशी माल्टवर वय छापलेलंच नसतं. पिंपातून व्हिस्की दरवर्षी थोडी उडून जाते. स्कॉटलंडच्या थंडीत हे प्रमाण साधारण दोन टक्के, तर बंगळुरू-गोव्याकडच्या उकाड्यात दहा टक्क्यांच्या आसपास. बारा वर्षं ठेवली तर पिंपात लाकूडच उरायचं. पण ज्या उकाड्याने ती उडते, त्याच उकाड्याने ती लवकर मुरतेही. इकडची पाच-सहा वर्षांची माल्ट तिकडच्या दुप्पट वयाच्या माल्टइतकी लाकडाचा गुण घेऊन येते. मेहुण्यांना एवढं सांगा, आणि स्कॉचचाच हट्ट असेल तर जुलै 2025 मध्ये झालेल्या भारत-ब्रिटन कराराची आठवण करून द्या. त्यात स्कॉचवरचा 150 टक्के आयातकर आधी 75 वर आणि मग दहा वर्षांत 40 टक्क्यांवर आणायचा ठरलाय. स्कॉच पळून जात नाही, ती स्वस्तच होत जाईल.

आता वाईन. हा माझा जिव्हाळ्याचा विषय, तेव्हा इथे जरा लांबण लागेल.

आपल्याकडची गंमत अशी, की दुकानावर 'वाईन्स' ही पाटी असते आणि आत वाईन सोडून सगळं असतं. वाईनच्या दहा-बारा बाटल्या काचेजवळच्या फळीवर, दुपारच्या उन्हात उभ्या. किराणा मालाच्या मोठ्या दुकानांत वाईन ठेवू द्यायचा निर्णय 2022 च्या जानेवारीत सरकारने घेतला होता. त्यावर एवढं वादळ उठलं, की तो कागदावरच राहिला. त्यामुळे वाईन घ्यायची तर एक दिवस काढून नाशिकला जा, असं मी सांगेन. डोंबिवलीहून सकाळी निघालात तर संध्याकाळी घरी. वायनरीत बाटल्या गारव्यात ठेवलेल्या असतात, आणि चव घेऊन मग विकत घेता येतं. मुलाला न्या, त्याला आवडेल.

नाशिकची वाईन म्हणजे काय, हे मला तिथल्या फेब्रुवारीतल्या एका पहाटे कळलं. दिंडोरीकडच्या एका बागेत काढणी चालली होती. तीन वाजलेले, कपाळाला बॅटऱ्या लावून बाया घड कापत होत्या, कारण उजाडल्यावर ऊन चढतं आणि द्राक्षाचा ताजेपणा उतरतो. मी एक मणी तोंडात टाकला. आपण खातो त्या थॉमसनसारखा तो नव्हताच. वाटाण्यापेक्षा जरा मोठा, साल जाड, आत बिया, आणि गोड इतका की दात शिवशिवले. बागाईतदाराने मण्याचा रस काचेच्या नळीवर टिपला, डोळ्याला लावला आणि म्हणाला, "ब्रिक्स भरला." म्हणजे साखर पुरेशी झाली. युरोपात वर्षाला एकदा छाटणी होते. आपल्याकडे वेल थंडीत झोपतच नाही, म्हणून उन्हाळ्यात खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता गोडी छाटणी, अशा दोनदा कराव्या लागतात. फळ येतं ते दुसऱ्या छाटणीचं. म्हणजे बाटलीवर 2025 लिहिलं असेल तर ते घड 2024 च्या पावसानंतर धरले आणि 2025 च्या आरंभी उतरले.

हे वर्ष तुम्ही नक्की बघा. पांढरी वाईन आपल्या हवेत जपून ठेवायची गोष्ट नाही. दोन वर्षांच्या आतली घ्या. 'जुनी तेवढी चांगली' हे दुकानदाराने सांगितलं, तर त्याला जुना माल खपवायचाय एवढंच समजा.

तुमच्या जेवणाला काय लागेल? मालवणी मसाल्याच्या कोंबडीबरोबर जड लाल वाईन देऊ नका. लाल वाईनमध्ये द्राक्षाच्या सालीचा जो तुरटपणा असतो, तो तिखटाला आणखी चिडवतो. वडा तोंडात, वरून कॅबरने, की जीभ पेटलीच. शेनँ ब्लाँ नावाची पांढरी वाईन घ्या. हे मूळचं फ्रान्समधल्या लुआर नदीकाठचं द्राक्ष, पण नाशिकला इतकं मानवलंय की आता जवळजवळ इथलंच झालंय. किंचित गोडसर, पोटात आंबटपणा, तिखटावर उतारा. सुला वायनरीची सगळीकडे मिळते, सोमा आणि व्हालोने ह्या वायनरींचीही चांगली असते. ज्या जावांनी कानात सांगितलं, त्यांना हीच द्या, पहिल्या घोटाला तोंड वाकडं होणार नाही. तळलेल्या सुरमईला ब्रूट, म्हणजे फेसाळणारी, गोड नसलेली वाईन फार छान जाते. तळणीच्या तेलकटपणावर तो फेस लिंबासारखा काम करतो. कुणाला लालच हवी असेल, तर अकलूजच्या फ्राटेलीची सांजोव्हेसे घ्या. इटलीतलं द्राक्ष, सोलापूर जिल्ह्याची माती, अंगाने हलकी. ती काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याबरोबर देऊन बघा. ह्या जोडीची शिफारस कुठल्या पुस्तकात नसेल, पण मी घरी करतो.

लाल वाईन 'रूम टेंपरेचरला' द्यावी असं मुलगा म्हणेल. ती रूम युरोपातली. मे महिन्यातल्या डोंबिवलीच्या खोलीत वाईन म्हणजे कोमट काढा. लाल बाटली वाढण्याआधी अर्धा तास फ्रीजमध्ये, पांढरी आणि फेसाळणारी सकाळपासूनच. आणि आणल्यापासून कुठलीही बाटली माळ्यावर ठेवू नका. मी एकदा चांगल्या सहा बाटल्या एप्रिलमध्ये माळ्यावर टाकल्या आणि गणपतीत काढल्या. मग त्या व्हिनेगर म्हणून लोणच्यालाही चालेनात.

ऑरेंज वाईनचं नाव ऐकून नागपूरची आठवण काढू नका, संत्र्याचा तिच्याशी संबंध नाही. पांढरी द्राक्षं सालींसकट आंबवली की तो नारिंगी रंग येतो. जॉर्जियात हजारो वर्षं जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणांत असंच करतात. चव चहाच्या गाळासारखी तुरट. साठीच्या समारंभाला नको, ती मुलाने परत गेल्यावर तिकडे प्यावी.

क्राफ्ट जिनची इतकी गर्दी का झाली, ते सांगतो म्हणजे भारावून जाणार नाही. जिन मुरवावी लागत नाही. तयार स्पिरिट घ्यायचं, त्यात जुनिपरची फळं आणि इतर मसाले घालून पुन्हा ऊर्ध्वपातन करायचं, आठवड्यात बाटली बाजारात. व्हिस्की करणारा वर्षानुवर्षं पिंपांकडे बघत बसतो, जिनवाला पहिल्या महिन्यात बिल फाडतो. गोव्यात 2017 मध्ये ग्रेटर दॅन आली, पुढच्या वर्षी स्ट्रेंजर अँड सन्स, आणि मग रांगच लागली. त्यातल्या हापूसा नावाच्या जिनचं नाव ऐकून आंब्याची जिन समजणारे खूप भेटले. हपुषा हे जुनिपरचं संस्कृत नाव, आणि ते फळ हिमालयातलं. तुम्ही एकच घ्या, ग्रेटर दॅन किंवा स्ट्रेंजर. टॉनिकच्या डझनभर बाटल्या आणू नका. घरात कोकमाचं आगळ असेलच. ग्लासात बर्फ, दोन चमचे आगळ, चिमूटभर मीठ, सोडा. ज्यांना हवी त्यांच्या ग्लासात तीस मिली जिन, बाकीच्यांना तसंच. दोन्ही ग्लास एकसारखे लाल दिसतात, म्हणजे कोण घेतंय आणि कोण नाही ह्याची चर्चा होत नाही. सासूबाई असतील तर हे फार सोयीचं पडतं.

अगावे म्हणजे आपली घायपात. शेताच्या बांधावर, रुळांच्या कडेला वाढणारी, पानाच्या टोकाला काटा असलेली. तिच्यापासून दख्खनच्या पठारावर दारू काढतात, पण तिला टकिला म्हणता येत नाही, ते नाव मेक्सिकोचं. बरी असते. तुमच्या जेवणाला तिची गरज नाही.

हुर्राकचं मात्र मला वाईट वाटतं, कारण मुलाची निवड उत्तम आहे आणि तुम्हाला ती पुरवता येणार नाही. काजूच्या बोंडाचा रस आंबवून पहिल्यांदा भट्टी लावली की हुर्राक, ती पुन्हा लावली की फेणी. हुर्राक मार्च ते मे एवढाच, पाऊस लागला की संपला. एका एप्रिलमध्ये गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एका भट्टीवर बसलो होतो. पायाने तुडवलेल्या बोंडांचा उग्र-गोड वास, तांब्याच्या भांड्याखाली धगधगणारी लाकडं, आणि नळीतून बोटाएवढ्या धारेने उतरणारा कोमट हुर्राक. घरमालकिणीने त्यात लिंबू पिळलं, मीठ टाकलं, एक हिरवी मिरची उभी चिरून सोडली आणि वर लिम्का ओतली. त्या ग्लासापुढे पंचतारांकित कॉकटेल फिकं. पण हा माल प्रवासाचा नाही, दिवसागणिक चव उतरते. शिवाय गोव्याची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं हा गुन्हा आहे. कोणी मित्र मिनरल वॉटरच्या बाटलीत भरून आणतो म्हणाला तर नको म्हणा. काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, 2016 मध्ये गोव्याने तिला वारसा पेय ठरवलं, तरी 'देशी दारू' ह्या खात्यात अडकल्याने गोव्याबाहेर तिची वाट बराच काळ अडलेली राहिली. मुलाला सांगा, तिकीट दोन दिवस वाढव आणि सावंतवाडीपुढे जाऊन ये.

मोहाचीही तीच कथा, फक्त जास्त जुनी आणि जास्त कडू. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो, नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत आदिवासी बाया तो वेचतात, वाळवतात. इंग्रजांनी 1878 च्या अबकारी कायद्यापासून घरच्या भट्ट्यांवर टाच आणली आणि 'मोहाची' हा शब्दच पोलिसी छाप्याचा झाला. आता डहाणूच्या एका डिस्टिलरीने मोहाची दारू भारी काचेच्या बाटलीत आणली आहे. मला आनंद होतो, आणि फुलं वेचणारीला त्या किमतीतलं काय मिळतं हा प्रश्नही पडतो. चव ओळखीची झाल्याशिवाय चौदा माणसांसमोर ठेवू नका. एखादी बाटली मुलाने स्वतःसाठी घ्यावी.

यादीत नाही पण मी घालतो, ते मीड. मध आंबवून केलेलं, बिअरच्या आसपास चढणारं. पुण्याची मूनशाइन आणि नाशिकची सेराना. सेराना दोन बायकांनी मिळून काढली, आणि नाव आपल्या सातेरी मधमाशीच्या शास्त्रीय नावावरून घेतलंय. नाशिकला जाताय तर चार-सहा छोट्या बाटल्या आणा. तरुण मंडळी आधी त्यावर तुटून पडतील.

आणि ओल्ड मंक? आणा, ताई, अगदी पहिल्यांदा आणा. ज्याची साठी त्याची रम. मळीपासून केलेली व्हिस्की म्हणजे वेषांतर, पण रम मळीचीच असते, ती कुणाला फसवत नाही. 1954 पासून ही रम आहे आणि तिला कुठलाही ट्रेंड लागू होत नाही.

साखरेचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. काही गोळ्या आणि इन्शुलिन चालू असताना रिकाम्या पोटी दारू गेली तर साखर एकदम खाली येऊ शकते. ह्यांच्या डॉक्टरांना आधी विचारा, आणि 'चालेल' म्हणाले तरी आधी खाणं, मग ग्लास, आणि रमबरोबर कोला नाही, पाणी किंवा सोडा. थोडी घेतली तर हृदयाला चांगली, असं सांगणारा एक पाहुणा प्रत्येक घरी असतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं, की सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही. जगही कमीच प्यायला लागलंय. 2024 मध्ये जगभर वाईन जेवढी खपली तेवढी कमी 1961 नंतर कधी खपली नव्हती, आणि फ्रान्समध्ये बोर्दोचे शेतकरी सरकारी मदत घेऊन वेली उपटताहेत. तुमच्या मुलाच्या वयाच्या लोकांचा खरा ट्रेंड हाच आहे, तो यादीत लिहायला विसरला.

आता हिशोब. चौदांतले घेणारे आठ-नऊ धरतो. साडेसातशे मिलीच्या वाईनच्या बाटलीत पाच ग्लास होतात. शेनँ दोन, ब्रूट एक, लाल एक. सिंगल माल्टचा एक खंबा, म्हणजे तीसचे पंचवीस पेग, पुरून उरेल. जिन एक, ओल्ड मंक एक, मीडच्या सहा. ह्याहून जास्त घेतलंत तर ती पाहुण्यांना आग्रह करकरून संपवावी लागेल, आणि दारूचा आग्रह जिलबीसारखा करायचा नसतो. बर्फ घरच्या ट्रेचा पुरणार नाही, पाच किलोची पिशवी मागवा. चकण्याला तळलेले बोंबील असतील तर शेंगदाण्यांकडे कोणी बघणार नाही.

घेणाऱ्यांनी एक दिवसाचा पाच रुपयांचा परवाना काढून ठेवावा. महाराष्ट्रात तो लागतो आणि दुकानदार तो आपणहून फाडून देईलच असं नाही. व्हिस्की-रमसाठी पंचवीस वर्षं पूर्ण लागतात, हे पुतण्या-भाच्यांच्या बाबतीत लक्षात ठेवा. ड्राय डे आहे का तेही कॅलेंडरवर बघा. आणि रात्री कल्याणच्या पुढे जाणारे कोण, त्यांची गाडी कोण चालवणार, हे निमंत्रण देतानाच विचारून घ्या.

नाशिकला जाल तेव्हा गाडीत थर्माकोलचा डबा आणि बर्फाच्या दोन बाटल्या टाका. परतीच्या वाटेवर कसाऱ्याला वड्यासाठी थांबाल तेव्हा गाडी सावलीत लावा.